ब्रश पुसायची फळी

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये
दुपारी तीन ते पाच.
सुकटीचा वास काही केल्या जाईना
म्हणून शर्वाणी मॅडमनी उदबत्ती लावली,
आणि दोन्ही वास सतरंजीवर शेजारी शेजारी बसले,
आमच्यासारखे, अवघडून.

भिंतीला सहा चित्रं.
पाच कुडाळहून आणलेली, काचेतली:
एक बाई, जिला चेहराच नाही;
एक घोडा, तीन पायांवर उभा; बाकी शेतं.
सहावी नुसती फळी.
फणसाची, हातभर रुंद, वर खिळ्याचं भोक,
आणि रंगाचे फराटे एकावर एक, इतके
की लाकडापेक्षा रंगच जाड.

"चित्रात काय आहे ते लिहू नका.
चित्र बघताना तुमचं काय होतं, ते लिहा."
आम्ही अकराजण. पेन्सिली नव्या.
माझं काय होतं?
मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
लाद्या बत्तीस, होडी अमुक, उधार.
माझ्या वहीत काही होत नाही, फक्त वितळतं,
आणि ते लिहायला रकाना नाही.

शेवंती केळुसकर पाचही काचांसमोरून
लिलावातून चालावं तशी गेली, भाव न विचारता.
फळीपाशी थांबली. नखाने थोडं खरवडलं.
"ह्यो हिरवो आमच्या होडयेचो.
दुसऱ्या खेपेक लावललो. आदी निळो होतो."

मग सगळेच उठले.
पिवळा 'सातेरी प्रसाद'चा, ती मालवणला विकली.
केशरी तन्मेशच्या आजोबांच्या होडीचा,
तिच्यात आता कोंबड्या अंडी घालतात.
जांभळ्यावरून तर भांडणच झालं,
दोघी भावजयींचं, जुनं, दुसऱ्याच कशावरून तरी.

मधल्या एका करड्या पट्ट्यावर
कोणी बोट ठेवलं नाही.
बोटं तिथवर येत आणि खडक चुकवावा तशी
वळून जात.

तेवढ्यात मागून जुजे पेंटर उठला, हातात चहाचा कप.
"ह्यां चित्र नाय ओ मॅडम.
हेच्यार मी ब्रश पुसतंय. चाळीस वर्सां."
बाहेर सोसायटीचा बोर्ड रंगवत होता तो.
फळी आत टेकून ठेवलेली, कोणीतरी खिळ्याला लावली.
कोणी आपली मोरी पाहुण्यांना दाखवावी
तसा तो लाजला. काढतो म्हणाला.
कोणी काढू देईना.

मॅडमनी त्यालाही कागद दिला.
"माका खंय येता कविता?"
पण बसला. आधी पट्टीने दोन रेघा मारल्या, फिक्या,
वर एक, खाली एक,
नाळेवर नाव घालण्याआधी मारतात तशा.
आणि लिहू लागला. होड्यांची नावं.
प्रत्येक अक्षराला पोट, प्रत्येक काना ताठ,
'क्ष' तर असा, की पाण्यात सोडला तर तरंगेल.

पाचव्या नावाशी पेन्सिल थांबली.
त्याने वितीने मोजली एक जागा,
बरोब्बर पाच अक्षरांची,
आणि ती तशीच सोडून
पुढचं नाव लिहिलं.

त्या कोऱ्या जागेकडे बघताना
माझं जे झालं ते मी लिहिलं:
लाद्या अठरा. उधार.
येणे बाकी.
पुढे सही करायला कोणी आलं नाही,
आणि दर मार्चला मी ती ओळ
नव्या वहीत पुन्हा उतरवते,
मालक म्हणतात, खोडून टाक.

"छान," मॅडम म्हणाल्या. "शीर्षक?"
म्हटलं, नको. वर तारीख आहे.

पाच वाजता सतरंजी झटकली. घोडा, शेतं, बिनचेहऱ्याची बाई
चादरीत गुंडाळून गाडीत गेली.
जुजेने फळी काखेत मारली
आणि बाहेर, शिडीवर चढून
'मर्यादित'मधला 'त' पुरा केला.
मग ब्रश पुसला. लाल.
डाव्या कडेला, अंग चोरून,
करड्याला लागणार नाही असा.